नोंदवही क्रमांक तीन

वखारीत एकवीस वर्षं मी तंबाखूचे बोद मोजले.
वास अजून बोटांना आहे,
आणि बेरीज न चुकण्याची खोड.
म्हणून मगदूमशेटनी बोलावून ही वही दिली.
निपाणी, स्टँडमागं, जिन्यावर क्लब,
रमीची नऊ टेबलं, एक कुरकुरणारा पंखा.
"परवान्याची अट हाय. कोण हाताबाहेर जातोय ते लिहायचं.
लिहा, खरं फार लिहू नका."
आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण'.
मी दोन्ही अर्थांनी ऐकलं.

तारीख. वेळ. टेबल. इसमाचे नाव. काय घडले. काय केले.
शेवटी सहीला जागा.

'काय घडले' त्याची रुंदी चार बोटं.
तेवढ्यात बसवलं:
टेबल चार, दुपारी साडेतीन, यासीन बागवान.
घड्याळ काढून डावावर ठेवले. घेतले नाही. परत मनगटावर बांधले.
बांधताना हात त्याचा थरथरला की माझा,
ते लिहिलं नाही.

टेबल सात, भरमू चौगुले, बेनाडी.
सकाळपासून उठलेला नाही. जेवलास काय विचारले.
म्हणाला, एवढा डाव झाला की.

टेबल नाही. फोन. बाई. नाव सांगितले नाही.
"आहेत काय हो तिथं?"
मागं कुकरच्या शिट्ट्या. तीन मोजल्या मी.
मग तिनंच ठेवला.
काय केले: रेघ.

आणि तोपण्णा कमते,
कोगनोळी नाक्यावर ट्रकची चाकं बदलतो.
आपणहून आला डिसेंबरात,
चपला जिन्याखाली काढून, देवळात आल्यागत.
"माझं नाव लिवा. सा म्हैने मला आत सोडायचं न्हाई.
रडलो तरी. शिव्या घातल्या तरी."
सही अशी नव्हतीच त्याची,
नाव लिहिलं, एकेक अक्षर दाबून,
ट्यूबमधनं हवा कुठं सुटतीय ते बघावं तसं.

एकेचाळिसाव्या दिवशी जिन्यात दिसला.
शिव्या घातल्या. त्या लिहिल्या नाहीत.
मग रडला,
तेही सांगूनच ठेवलं होतं त्यानं.
मी वही उघडून समोर धरली.
बराच वेळ बघत राहिला त्या अक्षराकडं,
गावचं कुणीतरी स्टँडवर दिसावं
आणि नावच आठवू नये, तसा.
"ह्ये कुणी लिवलंय?"
"तूच की."
"श्याणा हुता," म्हणाला,
आणि उतरला.

मार्चात तपासणीला साहेब आले, बैलहोंगलकडचे.
पानं उलटली. "कन्नडदल्लि बरीरि," म्हणाले,
रागानं नव्हे, चहा संपवता संपवता.
शाळेतली ती गोल अक्षरं हाताला पुन्हा लावली,
जिलबी पाडायला शिकावं तशी.
शेवटच्या रकान्यातलं 'घरी पाठवले'
त्यांनीच सांगितलं: मनेगे कळिसलायितु.
मने म्हणजे घर, त्यांच्यात.
खरं माझा कान मराठीचा,
त्याला ऐकू आलं, मनाला कळवले.

रात्री टेबलं झाकल्यावर मागची पानं काढली.
तोपण्णाच्या ओळीपुढं रकाना रिकामा होता,
तिथं लिहिलं ते, ओळीबाहेर गेलं थोडं.
भरमूच्या पुढं लिहिलं, अर्धवट.
फोनवाल्या बाईपाशी पेन थांबलं.
ती तर घरीच होती.
रेघ तशीच ठेवली.

शेट म्हणतात, या महिन्यात ओळी लई झाल्या.
मी म्हणतो, बोद जेवढे आले तेवढे मोजायचे.
यावर ते पंख्याकडं बघतात.

सहा महिने भरायला अजून एकोणीस दिवस.
जिन्यात अनवाणी पाय वाजले
की मी आधीच ते पान काढून ठेवतो.