नदी, प्रश्नचिन्ह

व्हाइटहेवनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
इफेओमा टेबलावर कार्डं मांडते.
काच. लाकूड. दगड. पाव.
बापानं फक्त नाव सांगायचं.

झटक्याला एकोणीस दिवस झालेत.
नामं सगळी गेली, त्यांत माझंही.
पाटी कोरी झाली, असं आम्ही भावंडं
फोनवर हळू आवाजात म्हणायचो.

काचेकडे बघून तो म्हणतो, स्मॅश.
लाकडाला म्हणतो, चॉप.
मग मान हलवतो. नाही. स्प्लिट.
कारण चित्रातला ओंडका उभा आहे,
आणि चॉप करतात ते आडव्याला.
हे तो सांगत नाही, हातानं दाखवतो;
उजवा उठत नाही म्हणून डाव्यानं.

इफेओमा लीड्सची. मायाळू पोरगी,
पण वहीत चूक ती चूक.
नाव विचारलं होतं, काय करायचं ते नाही.
दोन फुल्या.
अंडं: क्रॅक. फुली.
बिस्किट: स्नॅप. फुली.
भाजलेलं मांस: कार्व्ह, आणि पाठोपाठ,
जणू ताट समोर आलंय, थोडी लाळ.

मी मोजत होते.
शेतातून गवत उपटून न्यावं
आणि कुंपण तेवढं उभं राहावं
तसं त्याचं इंग्लिश राहिलं होतं.
वस्तू नाहीत.
वस्तूंचं त्यानं जे जे केलं, तेवढंच.

दगडापाशी तो अडखळला नाही.
रायव्ह, म्हणाला. रायव्हर.
इफेओमानं लिहून घेतलं,
पाच अक्षरं, आणि पुढं प्रश्नचिन्ह.
वाचलं तर नदी.

नदी नाही, म्हटलं मी. ते काम आहे.
डोंगरातून काढलेला निळा दगड
ओला आहे तोवर, पापुद्र्यावर पापुद्रा
सुटा करणारा माणूस.
वाळला की दगड ऐकत नाही कुणाचं.
एकेचाळीस वर्षं हा जोसाया बर्कट
पत्र्याच्या शेडमध्ये मांडीवर ठोकळा घेऊन बसायचा.
आमच्या दरीतली अर्धी छपरं
त्याच्या मांडीवरून गेलीत.

तिनं फुली खोडली. पण बरोबरची खूणही नाही केली.
रकानाच नव्हता तसा.

पावापाशी मात्र तो गप्प.
स्लाइस येईल, वाटलं मला. नाही आला.
एवढ्या वेळात खाली पार्किंगमध्ये
कुणीतरी गाडी तीनदा मागं-पुढं केली.
शेवटी म्हणाला, क्रम्बल,
आणि बोटं चोळली, चुरा झटकावा तशी.
बेकरीवाला बॅरोचा होता.
हे इफेओमाला सांगायचं काही कारण नव्हतं.

ओळखीचे फोटो आणा, म्हणाली होती.
मी आणला होता तो त्यांच्या लग्नाचा;
घरात दुसरा कुठला होता?
चर्चची पायरी, वारा, आईचा हात टोपीवर.
त्यानं बराच वेळ पाहिला
आणि स्वच्छ, आजारी नसल्यासारखा म्हणाला,
क्लीव्ह.

आता हे कुठल्या रकान्यात?
खाणीत मुकादम ओरडायचा तो हाच शब्द:
मधोमध फोड, दोन कर.
आणि पाद्री लग्नात वाचतो तोही हाच:
बिलगून राहा, सुटू नकोस.
काडीमोड झाला तेव्हा मी नऊ वर्षांची.
ताटल्यासुद्धा वाटून घेतल्या होत्या,
सहा आणि सहा.

कुठला, बाबा?
त्यानं माझ्याकडे पाहिलं, एखादी ओळखीची
बाई उभी आहे, असं.

मग दगडाचं कार्ड उचललं.
प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, कडक.
अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं, सावकाश,
एका जागी थांबलं, पुन्हा मागं आलं.
इफेओमा म्हणाली, अहो, ते हॉस्पिटलचं आहे.
तोवर नख आत गेलं होतं.

कुठं फाटलं नाही. आवाजही नाही.
टेबलावर दोन पातळ पानं,
एकावर दगड,
दुसऱ्यावर काही नाही.
ते दुसरं त्यानं माझ्यापुढं सरकवलं.