एकमेकींच्या

कराडात, टायर रिमोल्डिंगच्या दुकानावर माझा वर्ग.
रबराचा वास जिन्यानं वर येतो
आणि फी न भरता बसतो.

सात ते साडेआठ. अकरा जण.
त्यात दोन जावा, मालन पिसाळ, उज्वला पिसाळ,
एकाच दवाखान्यात आया.
इंग्रजी आलं तर काउंटरवर घेऊ, असं साहेब म्हणालेत.
एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात,
मधे दोन पिशव्या.
चूल वेगळी होऊन सात वर्षं झाली.

फळ्यावर लिहिलं: ईच अदर.
दोघांत ईच अदर, तिघांपासून पुढे वन अनदर.
हल्ली एवढं सोवळं कुणी पाळत नाही,
पण मी आधी सोवळं शिकवतो,
सवलत मागाहून.

म्हटलं, देमसेल्व्ज आणि ईच अदर यांत घोळ करू नका.
देमसेल्व्ज म्हणजे ज्यानं त्यानं आपापल्या आरशात बघणं.
ईच अदर म्हणजे
तुझी टिकली वाकडी झालीय हे मी सांगणं,
माझी तू.

आणि हा शब्द वाक्याच्या तोंडाशी उभा राहत नाही.
आधी दोघांना येऊ देतो,
काहीतरी करू देतो त्यांना,
मगच येतो.
मराठीतही बघा: एकमेकांना, एकमेकांशी, एकमेकांवाचून.
पण नुसता एकमेक आला, जेवला, झोपला
असं कधी ऐकलंय?
प्रथमाच नाही त्याला.
वर आपली जास्तीची मिजास,
बायका असतील तर एकमेकींना.
इंग्रजीला हे सुचलं नाही.

भाषांतर करा: आम्ही एकमेकींना मदत करतो.
मालननं वाचलं, वी हेल्प अवरसेल्व्ज.
म्हटलं, बाई, याचा अर्थ
आम्ही आमची आमचीच मदत करतो.
"मग बरुबरच हाय की वो, मास्तर."

वर्ग हसला.
उज्वला खिडकीकडं बघत म्हणाली,
"तिला इचारा, आमी म्हंजी किती?
दोघी, का घरातली समदी?"

सात वर्षांत त्यांच्यातलं हे पहिलं वाक्य असावं.
तेही माझ्यामार्फत,
आणि व्याकरणाचं.

पुढचा प्रश्न पुस्तकातलाच होता.
सीता गीताची वाट पाहते.
गीता सीताची वाट पाहते.
दोन्ही वाक्यांचं एक करा.
नऊ जणांनी केलं.
त्या दोघींनी दोन वाक्यं दोनच ठेवली,
पूर्णविरामासकट.

मसूरची शेवटची एसटी आठ पन्नासला.
गॅलरीतून दिसलं,
एक सँडलचा पट्टा लावत बसलीय, लागतच नाहीये,
दुसरी टायरवाल्याची पाटी वाचतेय,
तीन महिने रोज वाचलेली.
पट्टा लागला तशी पाटी संपली.
दहा पावलांचं अंतर ठेवून गेल्या.

इथून पंधरा मिनिटांवर कृष्णा आणि कोयना.
बाकीच्या नद्या बाजूनं येऊन मिळतात,
ह्या समोरासमोर येतात,
आणि मग दोघींनाही वळावं लागतं.
हे उदाहरण मी वर्गात दिलं नाही.
जिभेवर आलं होतं.

गुरुवारी ईच अदर्स शिकवलं.
ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, नंतर नाही,
अदर एकवचनीच राहतो,
समोर कितीही जण असोत.
घरचा अभ्यास दिला, पाच वाक्यं.

काल वह्या तपासल्या.
मालनचं अक्षर मोठं, निळं, बोरूनं काढल्यासारखं:
दे कॅरी ईच अदर्स बॅग्ज.
ॲपॉस्ट्रॉफी एसनंतर टाकलेला,
तो खोडलाय,
आणि एसच्या आधी दुसरा दिलाय, नीट, बारीक,
हिरव्या शाईत.

हिरवं जेल पेन वर्गात एकीकडंच आहे,
औषध कंपनीचं, टोपणावर गोळीचं नाव.

दुसऱ्याची मदत घेतली की अर्धा मार्क कापायचा,
नियम माझाच आहे.
तासभर वही समोर आहे.
खाली रिमोल्डिंगवाला शटर ओढतोय.