सभागृहाची किल्ली

सभागृहाची किल्ली काल माझ्याकडे आली.
बुटाच्या नाडीत ओवलेली, तशीच.
नाडीचं एक टोक चावून चावून फुलवात झालेलं.
बैठकीत कुणी लांबण लावली
की तू ते टोक दातांत धरायचीस, अर्डिथ,
आणि आम्हाला कळायचं, आता हा माणूस खाली बसणार.

पाद्रीबाई छान बोलल्या परवा.
नवीन आहेत, दोनच हिवाळे काढलेत त्यांनी न्यूफाउंडलंडात.
सेवा म्हणाल्या, श्रद्धा म्हणाल्या.
मी तिसऱ्या रांगेत मनातल्या मनात म्हणत होते,
बाई, प्रवचनात तिला झोप लागायची, तेही सांगा.
मी कोपर मारलं की ही डोळे न उघडता पुटपुटायची,
"त्याचं नि माझं सकाळीच बोलणं झालंय."

काय बोलायचीस गं?
रेमंडची होडी रिकामी सापडली त्या वसंतापासून
तू चर्चची पायरी चढली नाहीस.
अकरा महिने. मी मोजलेत.
बाराव्या महिन्यात आलीस ती थेट मागच्या दारानं,
बाह्या सरसावून चाळीस माणसांचं सूप चढवलंस
आणि छताकडे बघून म्हणालीस,
"भांडण मिटलेलं नाही. पण लोक उपाशी आहेत."
पुढं अठ्ठेचाळीस वर्षं
ते भांडण आणि ते सूप एकाच आचेवर.

मंगळवारी आणि शुक्रवारी तुझी निळी गंजकी गाडी
गँडरच्या इस्पितळाकडे निघायची. दीड तास. धुकं असलं तर अडीच.
मागं म्हातारा एल्फिअस स्नूक, डायलिसिसला,
रस्त्याला, सरकारला, तुझ्या गाडी चालवण्याला शिव्या देत.
एकदा भला थोरला मूस आडवा उभा राहिला, हलेना.
तू काच खाली करून त्याला म्हणालीस,
"जा बाबा, तुला वेळ आहे, आम्हाला डॉक्टरांनी दहाची वेळ दिलीय."
गेला की तो.

आपण एकदाच भांडलो, पत्त्यांच्या डावावरून.
नऊ दिवस अबोला.
दहाव्या सकाळी फावड्याचा आवाज आला,
बघते तर माझ्या दारातला बर्फ उपसतेयस,
तोंड फुगलेलं ते फुगलेलंच.

पासष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढलास.
"या पाण्यानं माझं माणूस नेलं,
पलीकडे काय आहे ते तरी बघू दे."
पहिलं लिस्बन, मला ओढत घेऊन.
लहानपणी सेंट जॉन्सच्या धक्क्यावर
एका पोर्तुगीज खलाशानं तुला संत्रं दिलं होतं,
ते सालीसकट खाल्लंस, असं तू शंभरदा सांगितलंयस.
तिथं बाजारात खारवलेल्या कॉडची चळत दिसली.
तू एक उचललास, हुंगलास,
"आपला नाही हा," म्हणालीस,
आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाहीस.

नंतर एकटीच जायला लागलीस.
जेरुसलेमहून कार्ड: "पायऱ्या फार. देव ठीक."
आइसलँडहून: "इथंही धुकं. पैसे वाया."
बॅगेत दर वेळी हॉटेलांचे इवलेसे साबण,
मारझोड सोसून घर सोडलेल्या बायकांच्या निवाऱ्यासाठी.
विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, इतके साबण कशाला?
म्हणालीस, "आमच्या गावाला फार आंघोळी लागतात."

आज सकाळी दार उघडायला गेले.
खाऱ्या हवेनं लाकूड फुगलंय, किल्ली फिरेना.
वारा असा, की कानांत दात आलेत असं वाटावं.
तुला फोन करावा म्हणून खिशात हात घातला,
घातलाच होता.
मग नाडीला बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा दिसला,
तुझं तिरपं अक्षर:
"उचल. ढकल. मग फिरव. हळू, विनी, दार म्हातारं आहे."

म्हणजे तुला ठाऊक होतं, किल्ली कुणाकडे येणार.
मला न विचारता.

आत गारठा. चाळीस वाडगे पालथे घातलेले.
शेगडी पेटवली.
वाटाणे कुणी रात्री भिजत घातले नव्हते,
हे तू पुठ्ठ्यावर लिहायला विसरलीस.
मी छताकडे बघितलं.
माझं त्याच्याशी कधी भांडण नव्हतं,
या आठवड्यापर्यंत.