उजवा डोळा

गुलमंडीच्या दुकानात अझहरनं काउंटरवर
सहा दुर्बिणी मांडल्या, हिरव्या मखमलीवर,
दागिने मांडावेत तशा.
"चाचा, दोन डोळ्यांची घ्या ना,
जालन्याहून एवढे आलात."
मी म्हटलं, एका डोळ्याचीच दाखव.
डाव्याला मी कधी कामाला लावलंच नाही.

बेचाळीस वर्षं जुन्या मोंढ्याजवळ
चार बाय पाचाच्या टपरीत बसलो.
उजव्या डोळ्यात भिंग,
आणि भिंगापुढं दीड बोटावर
कुणाची तरी थांबलेली वेळ.
दीड बोटापलीकडं काय चाललंय
ते बघायचं डाव्यानं,
आणि डावा तर मिटलेला.

नात रेवती फोनमधून वाचत होती:
ही आठ पट, ही बारा पट,
ही पाण्यात पडली तरी चालते म्हणे,
आणि आबा, हिच्यावर चाळीस लिहिलंय, चाळीस!
चाळीसवाली उचलली.
समोरच्या मिठाईवाल्याची पाटी
हेलकावे खायला लागली.
हात माझाच. सकाळी कमी थरथरतो, चहानंतर जास्त.
दूरचं चाळीस पट जवळ आणायचं
तर हे कापरंही चाळीस पट होणार.
ठेवली खाली.

बारावाली सदऱ्याच्या खिशात घालून बघितली,
खिसा बेंबीपर्यंत लोंबला.
जी खिशात राहत नाही ती घरी राहते,
चावी न दिलेल्या घड्याळासारखी.

तिसरीची कडी फिरवली पुढं, मग मागं.
मागं येताना केसभर सैल.
म्हटलं, हिच्या दात्यांत खेळ आहे.
अझहर हसला, "चाचा, ये घडी नहीं है."
जे फिरतं ते सगळं घड्याळच असतं, बाबा.

चौथीला चष्मा मानवेना.
पूर्ण गोल दिसायच्या जागी
चवथीची कोर, आणि बाकी सगळा अंधार.
पाचवीच्या काचेला आतून बुरशी,
ती त्यानं मुकाट्यानं फडक्यात गुंडाळली.

सहावी आठ पटीची, बुटकी.
लग्नातल्या घड्याळापेक्षा जड,
गजराच्या घड्याळापेक्षा हलकी.
रस्त्यावरच्या उन्हात सगळ्याच शहाण्या असतात,
म्हणून मी जिन्याखालच्या काळोखात गेलो.
तिथून पार टोकाच्या विजेच्या मीटरवरचे आकडे वाचले,
त्यातली चकतीही दिसली, सावकाश फिरणारी.
मग उलटी धरली
आणि अंगठा टेकवला काचेजवळ.
नखाखाली एक जुना काळा डाग,
कुठल्या तरी घड्याळाचं तेल,
धुऊन न गेलेलं.
अझहर म्हणाला, "चाचा, उलटी आहे ती."
म्हटलं, माहीत आहे. बांध हीच.
अठराशे म्हणाला. रेवतीनं साडेपंधराशेवर आणला.

आता रोज सकाळी मोती तलाव.
पाण्यात शेकाट्या उभा असतो,
पाय लाल, बारीक,
सेकंदकाट्यासारखे, पण थांबलेले.
पहिल्या दिवशी माझा हात
आपोआप खिशात चिमटा शोधायला लागला.
रेवती म्हणते, आबा, डावा मिटू नका,
दोन्ही उघडे ठेवा, डोळा शिणत नाही.
जमत नव्हतं. पापणीला सवय बेचाळीस वर्षांची.
परवा जमलं.
उजव्यात एक पाय, गुडघ्याच्या गाठीसकट,
आणि डाव्यात अख्खं तळं,
म्हशी, गवत, बंधाऱ्यावरून जाणारी दुधाची मोटरसायकल.

म्हशी धुणारा पोरगा विचारतो, काय दिसतंय?
दिली त्याच्या हातात.
त्यानं उलटीच डोळ्याला लावली, मला बघितलं.
"आबा, लई लांब गेलात की ओ तुम्ही!"
नाही रे, म्हटलं.
इथंच हाय. फिरव ती.