पासंग

पहाटे पावणेपाचला बिजासनच्या टेकडीवर दोनच दिवे,
खाली धावपट्टीवर निळ्या ठिपक्यांची रांग.
रिक्षावाला विचारतो, आज किधर, भिया?
नागपूर, मी म्हणतो. मागच्या मंगळवारी रायपूर होतं,
त्याआधी जबलपूर.
तिकीट कधी एकोणीसशेचं, कधी साडेसहा हजारांचं;
गुडघे मात्र दर वेळी तेवढेच दुमडायचे.

माझं काम वजनांचं.
दवाखान्यांचे, औषध-कारखान्यांचे काटे तपासत फिरतो.
पेटीत स्टीलची वजनं, चिमट्यानं उचलायची,
बोट लावायचं नाही,
घामाचंही वजन लागतं.
एक्स-रेच्या पडद्यावर ती काळ्या टिकल्यांसारखी दिसतात.
जवान विचारतो, ये क्या है?
वजन है.
किस चीज़ का?
आता काय सांगावं.

त्याआधी काउंटरवर कृतिका बैरागी,
छातीवरच्या पट्टीवर नाव अर्धं खरवडलेलं.
सर, सात किलो तीनशे. सातच चालतं.
मी तिच्या काट्याकडे बघतो.
पाणसळीतला बुडबुडा डाव्या कडेला जाऊन झोपलाय,
पायाखाली कुणीतरी जुन्या बोर्डिंग पासची घडी सारलीय.
तीनशे ग्रॅम त्या घडीचे आहेत, माझे नव्हेत.
पण पहाटे पाच वाजता कोण सांगणार तिला
की तुझा काटा खोटा बोलतो;
तिच्या डोळ्यांत काल रात्रीची शेवटची फ्लाइट
अजून उतरायची होती.
मी लवंगेच्या शेवेचा पुडा काढला,
कोटाच्या खिशात कोंबला.
बॅग हलकी झाली, मी जड झालो,
विमानाला त्यातलं काही कळलं नाही.

पंख्यांचं विमान. बहात्तर खुर्च्या, माणसं तेवीस.
मागच्या दारानं चढलो,
तिकिटात लिहिल्याबरहुकूम पुढे जाऊन बसलो.
मग घोषणा: पहिल्या पाच ओळींतल्यांनी कृपया मागे यावं,
विमानाचा तोल साधायचाय.
सियागंजातला एक हिंगाचा व्यापारी उठेना.
खिडकीचे साडेतीनशे मोजलेत,
तोल तुमचा तुम्ही बघा.
मांडीवर मूल झोपलेली बाई अर्धी उठली, पुन्हा बसली.
मी उठलो. सतराव्या ओळीत गेलो.
वळून पाहिलं तर ती बाई मागोमाग,
मुलाचं डोकं खांद्यावर लोंबतंय,
आणि बऱ्याच वेळानं, कुरकुरत, तो हिंगाचा वासही आला.

नाना तराजू दुरुस्त करायचे. दोन पारड्यांचा जमाना.
रात्रीच्या बसनं खंडवा, बऱ्हाणपूर,
खांद्यावरच्या पिशवीत नुसतं पितळ.
हलक्या पारड्याखाली शिशाचा तुकडा चिकटवायचे,
कधी मेण, कधी चिंचोका,
आणि काटा मधोमध येईपर्यंत श्वास सोडायचे नाहीत.
मला म्हणायचे, इलेक्ट्रॉनिकचं शिकलास, बरं केलंस,
पण माझ्या पासंगाला पुरणार नाहीस.
मी कधी वाद घातला नाही.

विमानानं नाक उचललं.
खाली नर्मदा, गाळात पडलेल्या तारेसारखी, आणि गेली.
मूल जागं झालं. माझ्या खिशातला
पुड्याचा आवाज त्याला ऐकू आला.
नागपूर येईपर्यंत दीडशे ग्रॅम उरली असेल शेव,
अंदाजे;
एवढं एकच वजन मी त्या दिवशी हातानं केलं.

पट्ट्यापाशी उभा राहून नानांना फोन लावला.
सांगितलं, आज उठवून मागे बसवलं मला,
तोल साधायला, तुमच्या चिंचोक्यासारखं.
पलीकडे बराच वेळ रामबागेतल्या दूधवाल्याची घंटा.
मग म्हणाले,
किती जण लागले?
नऊ.
नऊ? जास्त आहेत.
काटा तपासून घे त्यांचा.