पाठवणी

तिसऱ्या रात्रीही बाळाचा ताप उतरेना
तेव्हा शुमा-उकीन आला, काखेत ओल्या मातीचं गाठोडं.
कालव्याच्या दोन्ही काठांची आहे, म्हणाला,
एका काठाच्या मातीला ती जुमानत नाही.

उंबऱ्याशी बसून त्यानं तिला घडवलं.
तोंड सिंहिणीचं, दात गाढवाचे,
नखं कधीच न कापलेली.
देवाची लेक ती, लमाश्तू,
बापानंच आकाशातून ढकलून दिलेली;
तेव्हापासून पाळणे हुंगत हिंडते,
म्हणते, आणा इकडे, मी पाजते.

"नुसतं हाकलून जात नाही ही.
वाटेला लावावी लागते. सामान काढ."

मग मी सामान काढत बसले,
सासरी निघालेल्या लेकीचं काढावं तसं:
तिळाच्या तेलाची कुपी, चाती, लोकरीचा पेळू,
वहाणा, जवाची भाकर, मूठभर खजूर.
कंगव्यापुरती चांदी घरात उरली नव्हती.
माझाच दिला. झाऊच्या लाकडाचा,
कडेचा एक दात मोडलेला.
त्यात अडकलेले माझे केस तेवढे
एक-एक करून सोडवून घेतले.

बोरूची नाव, बुडाला डांबर,
नाळेवर मातीचा काळा कुत्रा राखणीला.
शुमा-उकीन पुटपुटत राहिला
ज्या भाषेत आता कुणी भांडतसुद्धा नाही त्या भाषेत.
नाव सुटली.
वळणावर भोवऱ्यात गरकन फिरली
आणि तिचं तोंड माझ्याकडे झालं.

"जा" म्हणायचं होतं मला.
जिभेला निरोपाची सवय. तोंडातून निघालं,
"ये हं."

शुमा-उकीननं ऐकलं नसावं.
पहाटे बाळाला घाम फुटला,
दुपारी त्यानं छातीला तोंड लावलं.
आता चार दात आलेत, चावतो.

परवा बोर्सिप्पाच्या बाजारात
कालव्याच्या खालच्या अंगाची, दिलबतची एक बाई
कांदे विकायला बसली होती.
अंबाड्यात कंगवा खोचलेला. झाऊचा.
कडेचा दात मोडलेला.

नदीत सापडला, ती म्हणाली,
मी न विचारताच.
तिच्या मांडीवर कुणी नव्हतं, पाठीशीही नाही.
घरी ठेवलं असेल. आजीपाशी असेल.
पदराला मात्र दुधाचे डाग, वाळलेले.

मी कांद्यांचा भाव विचारला.
घासाघीस न करता
ती म्हणेल तेवढी चांदी मोजून दिली,
आणि निघताना
काहीच बोलले नाही.