कारणाचा रकाना

जुन्या फॉर्मवर सातवा रकाना होता: कारण.
तीन ओळींची जागा, खाली बारीक अक्षरात
‘आवश्यक वाटल्यास वेगळा कागद जोडावा.’
एकोणीस वर्षं मी ती कारणं वाचली
काउंटी कोर्टाच्या तळघरात,
खिडकी क्रमांक दोन, हीटरला लागून.

लोक काय काय लिहायचे.
सफरचंदांच्या हंगामात रोकड न्यावी लागते.
पेट्रोलपंपावर रात्रपाळी, एकटा असतो.
एकानं नुसतंच, ‘बाबांकडे होतं.’
आणि रोवेना टटलनं तिन्ही ओळी भरून,
वेगळा कागद जोडून, त्याच्या पाठीवरही लिहून
शेवटी खाडाखोडीत: ‘तो ऑगस्टमध्ये सुटतोय.’

न्यायाधीश व्हॅन आल्स्टाइन चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
भीती सगळ्यांनाच वाटते, वर्ना.
मी शिक्का मारला. नामंजूर.
शिक्क्याचं काय,
तो दोन्ही शब्दांना सारखाच वाजतो.

मग राजधानीतल्या मोठ्या कोर्टानं निकाल दिला.
आमच्याकडे तो गुरुवारी पोचला, फॅक्सनं,
शाई संपत आलेल्या पानावर.
यापुढे कारण विचारायचं नाही.
सातवा रकाना गेला.
सहाच्या खाली थेट आठ,
कारण छापखान्यानं आकडे बदललेच नाहीत.

सोमवारी रांग जिना चढून बर्फात उभी.
आठवड्याला सहा अर्ज यायचे,
आता जेवणाच्या सुट्टीआधी चाळीस.
राज्यानं घाईघाईनं दुसरा कायदा केला:
अठरा तासांचं प्रशिक्षण, चार जणांची साक्ष,
आणि तीन वर्षांत इंटरनेटवर कुठे काय बोललात त्याची यादी.
मार्चमध्ये कुठल्याशा कोर्टानं त्यातलं अर्धं थांबवलं.
एप्रिलमध्ये थांबवलेलं परत सुरू.
माझ्या टेबलावर चार रंगांचे चार गठ्ठे.
गुलाबी कालपर्यंत चालत होता, मी सांगते,
आणि माणूस माझ्याकडे असा बघतो
जणू गुलाबी मीच रद्द केला.

ऑर्व्हिल पॅकार्ड तिसऱ्यांदा आलाय.
पाटीच्या दगडाच्या खाणीत चाळीस वर्षं,
बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या.
मशीन लाल दिवा लावतं. पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा.
मी त्याच्या बोटांना हातमलम चोळते, जुनी शाईची पट्टी काढते,
काही उमटत नाही.
कोरी पाटी, तोच हसून म्हणतो.
कायदा तीनदा बदलला,
बोटं काही कुणी बदलून देत नाही.

आणि गंमत म्हणजे, न विचारता सांगतात.
सही झाली, पैसे भरले, पावती हातात,
तरी काचेच्या भोकाशी वाकून हळूच:
‘ते काय आहे ना, आमचा रस्ता एकाकी…’
‘बायकोला बरं वाटत नाही, रात्री दार…’
‘तसं कारण असं काही नाही, पण…’
मागचा माणूस खोकतो.
मला ऐकायची गरज नाही. नियमात तर मुळीच नाही.
मी ऐकते.

जूनच्या पहिल्या बुधवारी रोवेना आली.
केस कापलेले. कपाळावर एक रेघ, जी पूर्वी नव्हती.
निळा फॉर्म तिनं नीट भरला होता,
प्रशिक्षणाचा दाखला, चार साक्षी, सगळं पिनेनं टाचलेलं.
सहाच्या आणि आठच्या मधे
तिची पेन्सिल थांबून टेकल्याचा ठिपका.
‘ते कुठे लिहायचं आता?’
नाही लिहायचं, मी म्हटलं. आता लागत नाही.
‘लागत नाही,’ ती म्हणाली.

ऑगस्ट कसा गेला ते मी विचारलं नाही.
विचारायला मला तोंड नव्हतं.
खालच्या खणातून एक कोरा कागद काढला
आणि काचेखालून सरकवला.

ती बाकावर बसून लिहीत राहिली
खिडकी बंद करायची वेळ टळून गेली तरी.
तो कागद कुठल्याच फाइलीत बसत नाही.
न्यायाधीश निवृत्त झालेत, त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे.
पाकीट तयार आहे, तिकीट लावलेलं.
अजून टाकलेलं नाही.